एका अंदाजपत्रकाचं रसग्रहण

तीस वर्षं मी कॉलेजात मराठी शिकवली. अभ्यासमंडळाने पुढ्यात टाकलं ते निमूटपणे घ्यायचं आणि त्याचं रसग्रहण करायचं, हा धंदा. त्यात रस असला तर उत्तमच. नसला तर निदान ग्रहण तरी लावायचं. निवृत्त झालो त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की, यापुढे जे वाचायचं ते फक्त आनंदासाठी. पण नियतीला हे मान्य नसावं. कारण मुलीकडे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात गेलो असताना, तिसऱ्याच दिवशी चहाबरोबर गौरीने दोन टंकलिखित पानं माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, हे जरा नीट वाचून सांगा ना, काय म्हणायचंय त्याला."

"कविता आहे?" मी घाबरून विचारलं. परदेशातले मराठी लोक कविता करतात, हे मी ऐकून होतो.

"कविता कसली! घराच्या साइडिंगला स्टेन लावायचं एस्टिमेट आहे."

मी चष्मा लावला. सवयीने आधी शेवटची ओळ पाहिली. (परीक्षक नेहमी आधी शेवटची ओळ पाहतो, पुरवणी किती जोडल्या आहेत ते कळतं.) शेवटची ओळ अशी होती : एकूण १७,६७० डॉलर.

साहित्याच्या प्रांतात इतकी परिणामकारक शेवटची ओळ मी फार क्वचित वाचली आहे.

आता मूळ कलाकृतीकडे वळण्यापूर्वी तिची पार्श्वभूमी सांगायला हवी. गौरी आणि निखिल यांनी २०२१ मध्ये शहरातलं घर सोडून डोंगरात घर घेतलं. दोघांचंही ऑफिस टेबलावरच्या संगणकात मावतं, त्यामुळे ते कुठेही नेता येतं. घर बाहेरून ओंडक्यांचं. एकावर एक रचलेले गोल गोल ओंडके, पुढे पडवी, मागे पाइनची झाडं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गहिवरून भिंतीवर थाप मारली आणि म्हणालो, "वा! अस्सल लाकूड! आमच्या कोकणातल्या माणसाला याची किंमत कळते."

जावईबापू सरळ मनाचे आहेत. ते म्हणाले, "बाबा, हे ओंडके नाहीत. ओंडक्याच्या आकाराच्या फळ्या आहेत. बाहेरून गोल, आतून सपाट. घर नेहमीसारखंच, लाकडी सांगाड्याचं. त्यावर या खिळ्यांनी ठोकल्यात."

म्हणजे ओंडक्याचं फक्त सोंग. नाटकातला भीम जशी पुठ्ठ्याची गदा घेऊन येतो, तसं हे घर पुढून लाकूडतोड्याचं आणि मागून मध्यमवर्गीय. मला जरा फसवल्यासारखं वाटलं. पण मागाहून कळलं की, त्या देशात ओंडक्यांच्या घराचं हे असंच चालत आलेलं आहे. ही घरं तिथे आणली ती १६३८ साली डेलावेअर नदीकाठी उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी. तेव्हा ती गरिबाची घरं होती. पुढे दोनशे वर्षांनी, १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन नावाचे गृहस्थ 'ओंडक्यांच्या झोपडीतला उमेदवार' म्हणून उभे राहिले आणि निवडूनही आले. प्रत्यक्षात ते व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदाराच्या वाड्यात जन्मलेले. म्हणजे ओंडके नुसते बाहेरून ठोकलेले! बिचारे अध्यक्ष झाल्यावर महिन्याभरात वारले, त्यामुळे आतली सपाट बाजू फारशी कुणाला दिसली नाही.

लिंकन मात्र खरोखरच झोपडीत जन्मला, १८०९ साली, केंटकीत. त्याच्या जन्मगावी छप्पन्न पायऱ्या चढून गेल्यावर ग्रॅनाइटचं भव्य मंदिर आहे आणि त्याच्या गाभाऱ्यात ती झोपडी जपून ठेवलेली आहे. फक्त २००४ साली तिच्या लाकडातली वर्तुळं मोजली, तेव्हा ती झाडं १८४० नंतरच्या काळात तोडलेली निघाली. तेव्हा लिंकन चांगला वकिली करत होता. आता त्या झोपडीला 'प्रतीकात्मक' म्हणतात. प्रतीकात्मक या शब्दाने मराठी समीक्षेतही अनेकांची अब्रू वाचवली आहे. असो. सांगायचा मुद्दा असा की, हे वाचल्यावर माझा गौरीच्या घरावरचा राग गेला.

आता संहितेकडे वळू.

पहिली अडचण शीर्षकातच आली. 'स्टेन' या शब्दाचा अर्थ मी आयुष्यभर 'डाग' असा शिकवला. त्यामुळे विषय झाला 'घराला डाग लावण्याचा खर्च'! आपल्याकडे घराला लागलेला डाग पुसण्यासाठी माणसं जन्मभर झिजतात. इथे तो लावून घेण्यासाठी सतरा हजार डॉलर मोजायचे. निखिलने समजावलं की, स्टेन म्हणजे रंग नव्हे. रंग लाकडाच्या अंगावर बसतो, स्टेन लाकडाच्या अंगात मुरतो. त्यातून लाकडाच्या रेषा दिसत राहतात. माझ्या भाषेत सांगायचं तर रंग म्हणजे अलंकार आणि स्टेन म्हणजे ध्वनी. हे कळलं आणि मी एकदम घरच्या मैदानावर आलो.

संहितेचे सहा भाग पडतात. पहिल्यात क्षेत्रफळ. भिंती मोजल्या तर भरतात २,४०० चौरस फूट. पण लेखक म्हणतो की, भिंत सपाट नाही, प्रत्येक फळी फुगीर आहे, ते फुगीरपण उलगडून मोजलं पाहिजे, म्हणून वीस टक्के जास्त धरा, २,८८० झाले. यालाच आपल्याकडे अतिशयोक्ती म्हणतात, असं मी बोलणार होतो. पण निखिलने शिंप्याची टेप घेऊन एका फळीच्या फुगाऱ्यावरून फिरवून दाखवली. माणूस खरं बोलत होता. टीकाकाराने टेप घेऊन बसावं, म्हणजे बरेच गैरसमज टळतात.

दुसरा भाग जुना स्टेन काढण्याचा, आणि हा सगळ्या रचनेतला सर्वांत अद्भुत भाग. तिथे दाणे काढून उरलेली मक्याची कणसं वाळवून दळतात आणि तो भरडा यंत्राच्या हवेने भिंतीवर सोडतात. त्याने जुना लेप खरवडून निघतो. चौरस फुटाला सव्वादोन डॉलर, एकूण ६,४८०. हे ऐकल्यावर आमची ही म्हणाली, "अहो, चौपाटीवर आपण खाऊन टाकलेल्या कणसांचा असा हिशेब केला असता, तर दादरला ब्लॉक झाला असता."

तिसरा भाग बोरेटचा. लाकडाला बुरशी आणि कीड लागू नये म्हणून त्याचं पाणी मारायचं, ७२० डॉलर. चौथा भाग चिरा बुजवण्याचा. लाकूड वाळताना तडकतं. ज्या चिरा आकाशाकडे तोंड करून असतात त्यांत पाऊस साठतो आणि लाकूड आतून कुजतं. म्हणून त्यांत लवचीक लांबी भरायची, १,१५० डॉलर. पाचवा भाग प्रत्यक्ष स्टेनचा. दोन हात स्टेन आणि वर एक हात पारदर्शक लेप, ७,९२०. सहावा भाग उंचावर चढायच्या यंत्राचं भाडं, १,४००. आणि मग तळटीप : कुजलेल्या फळ्या निघाल्यास त्यांचा खर्च वेगळा. संपूर्ण कृतीत लेखकाने कल्पनाशक्तीला मोकळं सोडलं आहे ते याच एका ओळीत.

या वाङ्मयप्रकाराचा त्या देशातला मानदंड म्हणजे थोरो. त्याने १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी स्वतः घर बांधलं आणि १८५४ सालच्या पुस्तकात त्याचा जमाखर्च पैपैसकट छापला. फळ्यांचं घर, एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यात खिळे आहेत, जुन्या दोन खिडक्या आहेत, एका सेंटचा खडूसुद्धा आहे. चुना महाग पडला अशी कुरकुर आहे. मी ती यादी निखिलला मोठ्याने वाचून दाखवली. जावई शांतपणे म्हणाले, "यात स्टेन कुठेय?"

खरंच नव्हता. मी पुन्हा पाहिलं. थोरो त्या घरात राहिला दोन वर्षं आणि दोन महिने. लाकडाला पुन्हा हात मारायची वेळ साधारण तीन ते पाच वर्षांनी येते. थोर तत्त्वज्ञ आणि संसारी माणूस यांच्यातला फरक हा. तत्त्वज्ञ पहिला स्टेन उडायच्या आत घर सोडून जातो.

मग मला संहितेतलं रहस्य दिसू लागलं. निखिलने हिशेब काढला : पहिल्या हाताला एका गॅलनमध्ये दीडशे चौरस फूट, दुसऱ्याला अडीचशे. म्हणजे एकतीस गॅलन, पाच-पाच गॅलनच्या सात बादल्या, ३१० डॉलरला एक. झाले २,१७०. सतरा हजारांच्या कृतीत प्रत्यक्ष रंगद्रव्य फक्त सव्वादोन हजारांचं! बाकीचे पैसे कशाचे? माणसांच्या मजुरीचे, आणि त्यातही मोठा वाटा आधीच्याने केलेलं निस्तरण्याचा. आधीच्या मालकाने म्हणे लाकडात मुरणाऱ्या स्टेनऐवजी वर साय धरणारा जाड लेप दिला होता. दिसायला झकास. पण त्याच्या आड पाणी शिरलं की, तो पापडासारखा सुटतो. मुरलेला स्टेन नुसता फिका पडतो, त्यावर धुऊन नवा हात देता येतो. हा मात्र आधी खरवडूनच काढावा लागतो. अलंकारांनी लादलेल्या कवितेवर पुढच्या पिढीला किती खर्च येतो, याचं इतकं आकडेवार विवेचन मी कुठल्याही समीक्षाग्रंथात वाचलं नाही.

घरावर भुंगेही होते. ज्ञानेश्वरांचा तो दृष्टान्त मी तीस वर्षं शिकवला : भुंगा कोरडं लाकूड लीलया पोखरतो, पण कमळाच्या कोवळ्या पाकळीत अडकून पडतो. पाकळीबद्दल पुष्कळ बोललो; पण लाकूड पोखरणारा भुंगा प्रत्यक्ष पाहिला तो वयाच्या सत्तराव्या वर्षी, नॉर्थ कॅरोलिनात. बोट जाईल एवढं वाटोळं भोक, जणू गिरमिटाने पाडलेलं, आणि खाली भुश्याची छोटी रास. स्टेन उडालेल्या उघड्या लाकडावर त्यांची विशेष भक्ती. मी तिथे उभा राहून मनातल्या मनात सगळ्या बॅचेसची माफी मागितली. मी त्यांना अर्धाच दृष्टान्त शिकवला होता.

पण गौरीने मला कागद दिला होता तो यासाठी नव्हे. आनंदवर्धन सांगतो की, काव्याचा आत्मा सांगितलेल्यात नसतो, न सांगितलेल्यात असतो. त्या दोन पानांतला न सांगितलेला अर्थ आमच्या हिला माझ्या आधी कळला. रात्री ती म्हणाली, "अहो, हे सतरा हजार गेले, म्हणजे डिसेंबरातलं त्यांचं येणं गेलं."

चिपळूणला माझी आई आहे. माई. वय वर्षं एक्याण्णव. ईशा तिची पणती, सहा वर्षांची. दोघींची भेट आजवर फक्त फोनच्या काचेतून झालेली. माई काचेवर बोट फिरवून पणतीचे केस सारखे करते, आणि फोन बंद पडतो. या डिसेंबरात तिघं येणार, म्हणून माईने आत्तापासून मोदकांचे तांदूळ बाजूला काढून ठेवले होते. डिसेंबरात मोदक कशाला, असं तिला विचारायची कुणाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी माईचा फोन आला. गौरीने भिंत दाखवली, खर्च सांगितला. डॉलरचा आकडा माईला कळला नाही. मी रुपयांत भाषांतर केलं : पंधरा लाखांच्या घरात. भाषांतरात मूळ कृतीचा जोर कमी होतो म्हणतात; इथे वाढला.

माई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "बाळू, उन्हं कुठल्या भिंतीवर येतात?"

"दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या."

"आणि पाऊस?"

"तोही बहुतेक तिकडूनच."

"मग चारी भिंतींना का रे सोलतोय तो? आपण मेमध्ये झडी बांधतो, ती काय घराला चारी बाजूंनी बांधतो? झोडपणाऱ्या अंगालाच ना? खांबांना काजूच्या टरफलांचं तेल देतो, तेही बाहेरच्या. माजघरातल्या खांबाला तुझ्या मुंजीनंतर कोणी हात लावला नाही. आहे की उभा."

मम्मटाने काव्याच्या प्रयोजनांत 'कांतासम्मित उपदेश' सांगितला आहे, पत्नीने गोडीने सांगावा तसा. मातेने खडसावून सांगितलेल्या उपदेशाची त्याने वेगळी नोंद घेतलेली नाही. त्याच्या आईने त्याला एस्टिमेट वाचायला दिलं नसावं.

आणि एकदम मला त्या कृतीतला दोष सापडला. सगळं खरं होतं, एकही आकडा खोटा नव्हता. पण लेखकाने चारही पात्रं एकाच साच्यातून काढली होती! नाटकात राजा, विदूषक, सासू आणि चोर एकच भाषा बोलू लागले, तर आपण म्हणतो ना, व्यक्तिरेखा उमटत नाहीत? तसंच. दक्षिणेची भिंत उन्हाने राखाडी पडलेली. ऊन लाकडाचा वरचा थर मारतं, तंतूंना धरून ठेवणारा चिकटा जातो आणि मेलेला भाग राखेसारखा दिसतो. पश्चिमेचीही तीच गत. पण उत्तरेची भिंत सावलीत आणि पूर्वेची पडवीच्या छपराखाली. त्यांच्या चेहऱ्यावर अजून लेप शाबूत.

निखिल इंजिनियर. त्याला नुसता दृष्टान्त चालत नाही, पुरावा लागतो. तो म्हणाला, "त्याला पाण्याची परीक्षा आहे. भिंतीवर पाणी शिंपडायचं. थेंब मोत्यासारखे उभे राहिले, तर लेप जिवंत. लाकडाने पाणी प्यायलं आणि ते काळवंडलं, तर संपला."

मग मी हिच्या सामानातला पितळी तांब्या घेतला आणि आंब्याचं पान नसल्यामुळे उजव्या हाताच्या बोटांनी घराला प्रदक्षिणा घालत पाणी शिंपडत निघालो. मागे वही घेऊन जावई, त्याच्या मागे ईशा. शेजारच्या आजीबाई कुंपणापाशी येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं असावं, आमच्यात स्टेन लावायच्या आधी असं काहीतरी असतं. मीही त्यांचा भ्रमनिरास केला नाही. दक्षिणेने आणि पश्चिमेने घटाघट पाणी प्यायलं. उत्तरेवर आणि पूर्वेवर थेंब उभे राहिले. पूर्वेच्या एका कोपऱ्यात, पन्हळ गळते तिथे मात्र नाही. निखिलने ते लिहून घेतलं.

कंत्राटदार गृहस्थ दोन दिवसांनी आले. मी घाबरत घाबरत माझं समीक्षण मांडलं. जावयांनी त्यातला तांब्या वगळून भाषांतर केलं. लेखक टीका ऐकतात कशी, याचा मला अनुभव आहे. पण हा माणूस मोठा दिलदार निघाला. तो स्वतः घराभोवती फिरला, उत्तरेच्या भिंतीवर चिकटपट्टी लावून खस्सकन ओढून पाहिली. लेप निघाला नाही. मग म्हणाला, होईल. या दोन भिंती नुसत्या धुऊ, त्यावर चालणारा एक हात देऊ. पण आधी एका कोपऱ्यात करून पाहू. रंगात थोडा फरक दिसेल, आणि दोनतीन वर्षांनी यांची पाळी येईलच. तेव्हा मला बोलवा. मला त्याचा हेवा वाटला. माझ्या टीकेनंतर एवढ्या शांतपणे दुसरी आवृत्ती काढणारा लेखक मला मराठीत भेटला नव्हता.

सुधारित आवृत्ती अशी : दोन भिंती म्हणजे १,३०० चौरस फूट, त्यांचं खरवडणं २,९२५, बोरेट ३२५, स्टेन ३,५७५. उरलेल्या १,५८० फुटांची धुलाई आणि एक हात, सव्वा डॉलरप्रमाणे १,९७५. चिरा ७००, यंत्राचं भाडं ९००. एकूण १०,४००. फरक ७,२७० डॉलर.

निखिल मात्र हिशेबाचा पक्का. रात्री जेवताना म्हणाला, "बाबा, खरं सांगायचं तर हे वाचले नाहीत. पुढे ढकलले. उत्तरेची भिंत आज ना उद्या मागणारच."

तो बरोबर होता. मी काही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात आमची ही ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "मागू दे की. भिंत थांबते हो. माई थांबतील का?"

यावर कुणी काही बोललं नाही. ईशाने पापड मोडला तेवढाच आवाज. जेवण झाल्यावर गौरीने संगणक उघडला आणि तिकिटं काढली.

आता परीक्षक या नात्याने गुण देणं भाग आहे. पहिल्या आवृत्तीला मी शंभरात पंचावन्न दिले : माहिती अचूक, हस्ताक्षर सुवाच्य, व्यक्तिरेखाटन शून्य. दुसऱ्या आवृत्तीला बहात्तर. माईला किती द्यायचे, हे मात्र ठरत नाही. काल तिला फोनवर म्हटलं, "माई, तुझ्यामुळे सात हजार डॉलर सुटले." तिने ते कानाआड केलं आणि विचारलं, "पूर्वेच्या कोपऱ्यातली ती पन्हळ दुरुस्त केलीत का?"

केली नव्हती. एस्टिमेटमध्ये नव्हती.